सरकारी कॉन्फरन्स आणि आपलं हॉटेल

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही नवरा-बायको अमेरिकेत जॉर्जियात हॉटेल चालवतो, चार मजली, १३० खोल्या, खाली एक हॉल आणि दोन छोट्या मीटिंग रूम. फेडरल सरकारच्या एका आरोग्य संस्थेकडून विचारणा आलीये, नोव्हेंबरमध्ये ३ दिवसांची कॉन्फरन्स, रोज ९० खोल्या. आम्ही आपलं नेहमीचं कॉन्ट्रॅक्ट पाठवलं तर त्यांनी ते परत पाठवलं, म्हणे डिपॉझिट नाही, ॲट्रिशनचं (ठरवलेल्या खोल्या भरल्या नाहीत तरी पैसे द्यायचे) कलम नाही, आमचं इन्डेम्निटीचं (आमचं नुकसान झालं तर त्यांनी भरून द्यायचं) कलम तर चक्क खोडून टाकलंय. अहो लग्नवालेसुद्धा डिपॉझिट देतात! हे काम घ्यावं की सोडावं? – स. प., जॉर्जिया

उत्तर: घ्या ताई, पण आधी ते तुमचं नेहमीचं कॉन्ट्रॅक्ट कपाटात ठेवून द्या. माझी हॉटेल सेल्समध्ये बरीच वर्षं गेली आणि दर वेळी नवीन माणूस हीच चूक करतो, आपला कागद त्यांच्या टेबलावर सरकवायला बघतो. सरकारी कामात कागद त्यांचा असतो, बहुतेक वेळा एसएफ-१४४९ नावाचा फॉर्म, आणि त्याला जोडलेली त्यांची कलमं. तुम्ही तुमचे धोके कलमांत लिहून सुरक्षित करता, इथे तेच धोके आकड्यांत मांडायचे. एवढं जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

डिपॉझिटचं म्हणाल तर तो त्यांचा कंजूसपणा नाही, सेवा मिळायच्या आधी पैसे द्यायचे नाहीत असा कायदाच आहे आणि तो थेट १८२३ सालचा. समोरची बाई कितीही गोड बोलली तरी तिला ते देताच येत नाही. त्याच्या बदल्यात १९८२ चा प्रॉम्प्ट पेमेंट ॲक्ट आहे, बिल नीट असेल तर ३० दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर वर व्याज, मागायचीही गरज नाही. पण 'नीट' म्हणजे नीट हं, कॉन्ट्रॅक्ट नंबर चुकला की बिल परत आणि ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून.

आता ॲट्रिशन. आपल्याकडे केटररला ५०० पानं सांगितली आणि ३५० च जेवली तरी तो ५०० चे पैसे घेतो, तसंच हे. सरकारची अडचण अशी की किती रक्कम होईल ते आधी माहीत नसलेल्या देण्यावर सही करायला अँटीडेफिशियन्सी ॲक्ट आडवा येतो, मंजूर पैशाच्या बाहेरचं वचन देणारा अधिकारी स्वतः गोत्यात येतो. तुमचं इन्डेम्निटीचं कलम खोडलं तेही त्यामुळेच. म्हणून 'उरलेल्या खोल्यांचे पैसे द्याल' असं न लिहिता किमतीच्या तक्त्यातच एक ओळ टाका, किमान ७० खोल्या, ३ रात्री, एवढे एवढे डॉलर. आकडा ठरलेला असला की त्यासाठी पैसे आधीच बाजूला काढून ठेवता येतात. पण त्याआधी हे विचारा की खोल्यांचं बिल सरकार एकत्र भरणार की प्रत्येक पाहुणा आपापलं भरणार. आपापलं असेल तर सरकार सहसा खोल्यांची हमी देत नाही, आणि मग हॉल फुकट द्यायचा की नाही याचा हिशोब तुम्ही स्वतः करायचा. बरीच हॉटेलं खोल्या भरतील या आशेवर हॉल फुकट देतात. मी ३ दिवसांचा हॉल तसा फुकट दिला नसता.

रेटचं असं आहे की जीएसए म्हणजे सरकारची खरेदी आणि इमारती बघणारी संस्था, तिचा पर डीएम असतो, म्हणजे सरकारी प्रवाशाच्या रोजच्या खर्चाची ठरलेली मर्यादा, ज्या गावांना वेगळा रेट नाही तिथे २०२५ च्या आर्थिक वर्षात खोलीला ११० डॉलर होता, टॅक्स वेगळा. नवे रेट साधारण ऑगस्टमध्ये जाहीर होतात आणि १ ऑक्टोबरपासून लागतात, तुमची कॉन्फरन्स नोव्हेंबरची, म्हणजे कोट देताना कुठल्या वर्षाचा रेट धरलाय ते स्पष्ट लिहा. टॅक्समाफीसाठी पाहुण्याच्या सरकारी ट्रॅव्हल कार्डाचा सहावा आकडा बघायला फ्रंट डेस्कच्या पोरांना शिकवा, ०, ६, ७, ८, ९ असेल तर बिल थेट सरकार भरतं आणि टॅक्स लागत नाही, १ ते ४ असेल तर त्या त्या राज्याचा नियम.

तुमचं हॉटेल चार मजली आहे म्हणून मुद्दाम सांगतो, १९९० चा हॉटेल अँड मोटेल फायर सेफ्टी ॲक्ट आहे. १९८६ च्या ३१ डिसेंबरला सॅन हुआनच्या ड्यूपाँ प्लाझा हॉटेलला आग लागून ९० हून जास्त माणसं गेली, अशा घटनांनंतर तो आला. प्रत्येक खोलीत वायरिंगला जोडलेला स्मोक डिटेक्टर हवा आणि तीनपेक्षा जास्त मजले असतील तर स्प्रिंकलरही. यू. एस. फायर ॲडमिनिस्ट्रेशनच्या यादीत आपलं नाव आहे का ते आजच बघा, नसेल तर कोट कितीही स्वस्त द्या, फाइल तिथेच अडकते. मी हे एकदा शेवटच्या आठवड्यात बघितलं होतं, पुढचं सांगत नाही.

कॉन्फरन्स रद्द झाली तर? सरकार 'आपल्या सोयीने' कधीही कॉन्ट्रॅक्ट थांबवू शकतं, तेव्हा तोपर्यंत झालेलं काम आणि रद्द झाल्यामुळे झालेला वाजवी खर्च मिळतो, बुडालेला नफा मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कागद ठेवा, कुठला ग्रूप नाकारला, काय ऑर्डर केलं, सगळं. नोव्हेंबर म्हणजे सरकारचं नवं आर्थिक वर्ष, ते १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून पैशाची मंजुरी अडल्यामुळे सरकारी कामकाज ४३ दिवस बंद पडलं होतं हे विसरू नका. 'निधी उपलब्ध झाल्यास' अशी ओळ कागदात दिसली तर बँकेत थोडी ऊब ठेवूनच पुढे जा.

आणि एक, सही फक्त कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरची, म्हणजे सरकारतर्फे करार करायचा अधिकार असलेल्या माणसाची चालते. कॉन्फरन्सच्या सकाळी कार्यक्रमवाली बाई येते, म्हणते अजून एक रूम आणि दोन प्रोजेक्टर द्या ना प्लीज, आपण मराठी माणसं, नाही कसं म्हणणार, देऊन टाकतो. मी दिले होते. ते बिल सात महिने फिरत होतं, आणि ज्या बाईंनी मागितले त्या तोवर दुसऱ्या खात्यात. हसतमुखाने सांगायचं, हो देतो, फक्त ऑफिसरचा ईमेल येऊ दे.

प्रश्न: मी पुण्यात डॉक्टर आहे. अमेरिकेत बेथेस्डाला एका सरकारी संस्थेच्या परिषदेत बोलायला गेलो होतो. व्याख्यानं उत्तम, पण चहासुद्धा स्वतःच्या पैशाने! आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या सभेलाही चहा असतो. हे काय प्रकरण आहे? – एक वाचक, पुणे

उत्तर: डॉक्टर, पाण्याची बाटली मिळाली का? मग नशीबवान. सरकारी पैशातून खाऊपिऊ घालायला तिथे आधीपासूनच बंधनं होती, त्यात २०११ मध्ये न्याय खात्याच्या तपासणीत एका हॉटेलातल्या १६ डॉलरच्या मफिनचा उल्लेख आला आणि देशभर बोंब झाली. पुढे तपासणी करणाऱ्यांनी स्वतःच दुरुस्ती केली की त्या १६ डॉलरमध्ये कॉफी, ज्यूस, फळं असं सगळं धरलेलं होतं. पण दुरुस्ती कोण वाचतं? २०१२ मध्ये जीएसएचं लास व्हेगासजवळचं संमेलन बाहेर आलं, ते २०१० मध्ये झालेलं, ३०० माणसं, खर्च ८ लाख डॉलरच्या वर, त्यात मनातलं ओळखणारा एक जादूगारही होता. जीएसएच्या प्रमुख बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात हुकूम निघाला, १ लाख डॉलरच्या वरच्या कॉन्फरन्सला खात्यातल्या वरिष्ठाची परवानगी, ५ लाखांच्या वर जवळजवळ बंदीच. त्यानंतर कॉफीच्या थर्मासवर सही करायला कुणाचा हात धजावत नाही. तुमचा चहा तिथे गेला.

प्रश्न: सरकारी कामासाठी सॅममध्ये (सरकारला माल-सेवा देणाऱ्यांच्या सरकारी नोंदणीत) नाव नोंदवायला ५९९ डॉलर भरा असा ईमेल आलाय, भरू का? – नाव नको, न्यू जर्सी

उत्तर: नका भरू. सॅमची नोंदणी फुकट आहे, दर वर्षीचं नूतनीकरणही फुकट. असल्या कंपन्या सरकारी वाटेल असा शिक्का लावून पत्रं पाठवतात. स्वतः बसून फॉर्म भरा, कंपनीचं नाव आणि पत्ता टॅक्सच्या कागदावर आहे तसाच टाका, स्वल्पविरामसुद्धा तोच.