अपंगत्व मोजतात कसं? वाचकांचे प्रश्न

जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात १६ टक्के लोक अपंग. आपल्या जनगणनेत २.२ टक्केच. मग आपल्याकडे अपंग कमी का? (सातारा)

या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. १६ टक्के हा आजारांच्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज आहे, घरोघरची मोजणी नाही. आपल्या २०११च्या जनगणनेत प्रत्येकाबद्दल थेट विचारलं, ही व्यक्ती अपंग आहे का? हो म्हटलं की आठ प्रकारांतून एक निवडायचा. अशाने २ कोटी ६८ लाख भरले. पण घरात लग्नाची मुलगी असेल तर प्रगणकासमोर कोण पटकन हो म्हणणार? आणि जिना चढू न शकणाऱ्या आजीला घरात कुणी अपंग म्हणतच नाही, तिचं ‘वय झालंय’. पुढे २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, तरी २०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आकडा पुन्हा २.२ टक्केच!

वॉशिंग्टन गट (अपंगत्व मोजायची पद्धत ठरवायला संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१मध्ये स्थापन झालेला) प्रश्नांत अपंगत्वाचं नावच काढत नाही. त्यांचे सहा प्रश्न साधे आहेत: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? आंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः करायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजवायला? उत्तरं चार: त्रास नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. एका जरी बाबतीत ‘खूप’ किंवा त्यापुढचं उत्तर आलं तर ती व्यक्ती मोजणीत धरतात. हीच रेषा ‘थोडा’वर आणा, आकडा फुगलाच म्हणून समजा. माझं मत विचाराल तर जनगणनेतही असेच प्रश्न हवेत.

आईला अर्धांगवायू झालाय. पाहणीवाले आले तेव्हा तिच्याऐवजी माझ्या बायकोनं उत्तरं दिली. चालतं का? (लातूर)

चालतं, आणि पुष्कळदा तसंच होतं. आंघोळ, चालणं, जेवण या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत घरच्यांचं आणि रुग्णाचं उत्तर बरंचसं जुळतं. दुखणं आणि मनःस्थिती मात्र बाहेरून नीट कळत नाही. आईंना बोलता येत असेल, सावकाश का होईना, तर पुढच्या वेळी त्यांनाच बोलू द्या. पाहणीवाल्याला घाई असते, तुम्ही करू नका.

व्हीलचेअरवरचे लोक ‘आयुष्य चांगलं आहे’ असं सांगतात, हे खरं मानायचं? (ठाणे)

मानायचं. १९९९मध्ये आल्ब्रेख्ट आणि डेव्हलिगर या संशोधकांनी मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. निम्म्याहून अधिक जणांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, कारण तो अपंगत्व येतानाचा धक्का डोळ्यांसमोर आणतो. नंतरची वर्षं, बसलेली घडी, जोडलेली माणसं त्याला दिसत नाहीत.

गोची पुढे आहे. ‘ईक्यू-फाइव्ह-डी’ ही तब्येत मोजायची प्रश्नावली चालणं, स्वतःची निगा, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी अशा पाच गोष्टी विचारते, शिवाय आजच्या तब्येतीला ० ते १०० मधला आकडा द्यायला लावते. या पाच उत्तरांचा एक गुण करताना कुठल्या त्रासाला किती वजन द्यायचं, हे बहुतेक देशांत सर्वसाधारण लोकांना विचारून ठरवतात. म्हणजे ज्याने व्हीलचेअर कधी वापरली नाही तोही तिच्यावरच्या आयुष्याची किंमत लावतो. सगळ्यांच्या पैशातून उपचार होतात म्हणून सगळ्यांचं मत घ्यायचं, असा यामागचा युक्तिवाद. तो अगदीच चुकीचा नाही. पण असा गुण वाचताना तो कुणाच्या नजरेचा आहे, एवढं तपासाच.

याची उलट बाजूही आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं होतं की, आरोग्यात कितीतरी पुढे असलेल्या केरळमध्ये लोक बिहारपेक्षा जास्त आजार सांगतात. शिक्षण आणि दवाखाना हाताशी असला की दुखणं दुखणं म्हणून ओळखता येतं. तेव्हा ‘मी ठीक आहे’ या उत्तरावरून दवाखान्यांचा निधी ठरवू नये.

माझा दाखला ६० टक्क्यांचा आहे. पाहणीत मी ‘थोडा त्रास’ सांगितलं, दाखला जाईल का? (धुळे)

नाही. दाखल्याची टक्केवारी डॉक्टर तपासून ठरवतात. पाहणीतली उत्तरं फक्त आकडेवारीसाठी वापरतात. बिनधास्त खरं सांगा.