आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि मेडिकलचं बिल

भाऊ, तुम्ही विचारलं की आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना महिन्याला दोन हजारांवर लागतात, कापूस विकेपर्यंत हातात पैसा नाही, तर तोवर गोळ्या एक दिवसाआड दिल्या तर चालेल का. आधी याचंच उत्तर देतो: अजिबात नका देऊ. दिवाळीआधीच्या तंगीत आपल्याकडे हे घरोघरी चालतं. वाढलेला बीपी बहुतेकदा अंगाला कळतच नाही, म्हणून गोळी सोडली तरी माणूस धडधाकट वाटतो आणि मग एखाद्या सकाळी लकवा मारतो.

मी तालुक्याच्या मेडिकलवर बरीच वर्षं काउंटर सांभाळला आहे. गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव, म्हणजे ब्रँड. औषधाचं खरं नाव बारीक अक्षरात असतं. ते पुढच्या मिलिग्रॅमच्या आकड्यासकट वहीत उतरवा, जसं की टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५, मेटफॉर्मिन ५००, ग्लिमेपिराइड १. आपल्या भागातल्या बऱ्याच चिठ्ठ्या याच चार औषधांभोवती फिरतात आणि चारही जुनी, स्वस्त औषधं आहेत. भाव पाहताना एका गोळीचा काढा, कारण कुणाचा पत्ता दहाचा असतो, कुणाचा पंधराचा.

ही वही घेऊन पहिले प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपकेंद्रातल्या सीएचओंकडे (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे) किंवा आशाताईंकडे आईचं नाव बीपी-शुगरच्या यादीत घालून घ्या. साठा कधी कधी संपतो, हे खरं आहे. म्हणून घरची शेवटची गोळी संपायची वाट न पाहता आठवडाभर आधी विचारा.

तिथं न मिळालेलं जनऔषधी केंद्रात, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात पाहा. तिथली किंमत नामांकित ब्रँडांच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त ठेवता येत नाही, पुष्कळ गोळ्या त्याहूनही स्वस्त असतात. जवळचं केंद्र आणि भाव 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर दिसतात. स्वस्त म्हणून कमअस्सल, हा समज सोडा. तिथल्या प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी होते.

पण खरा पैसा कुठं जातो सांगू? जुनी चिठ्ठी तशीच्या तशी पुढे करण्यात. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गॅसची गोळी, ताकदीची गोळी, कॅल्शियम लोक वर्षभर नेताना मी पाहिले आहेत, आणि बिलाचा मोठा भाग त्यांचाच असायचा. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, यातली कायमची कोणती आणि तेवढ्यापुरती कोणती? शुगरची एखादी नवी, महाग गोळी चालू असेल तर तिच्याबद्दलही विचारा. उदाहरणार्थ, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट, म्हणजे एकाच कंपनीचा हक्क, मार्च २०२५ मध्ये संपलं आणि ६० रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी इतर कंपन्यांनी १० च्या आसपास आणली. चिठ्ठीवर मात्र जुनंच नाव चालू राहतं. मेडिकलवाल्याला कायद्यानं स्वतःहून ब्रँड बदलता येत नाही, त्यामुळे औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं लागतं. विचारायला संकोच करू नका, चांगला डॉक्टर रागावत नाही.

नावापुढे एसआर किंवा एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर तिच्याऐवजी साधी गोळी परस्पर आणू नका, दोन्ही शरीरात वेगळ्या गतीनं विरघळतात. फिटच्या, थायरॉईडच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची कंपनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

आणि नवीन गोळ्या आल्या की घरातले जुने पत्ते वेगळे काढा. नाव वेगळं, आत औषध तेच, असं झालं तर आई मेटफॉर्मिन किंवा ग्लिमेपिराइड दुप्पट खाईल. ग्लिमेपिराइड जास्त झाली आणि आई उपाशीपोटी निंदणाला गेली, तर शुगर उतरून वावरातच चक्कर येऊ शकते. वहीतली नावं इथं टाका, कोणती कुठं मिळेल ते एकेक करून सांगतो.