कौलं घाला, पण मुदत ठेव मोडून नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराचा पत्रा 20 वर्षांचा झालाय, दोन ठिकाणी गळतोय, निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. नव्या पत्र्याच्या सव्वादोनपट खर्चात काँक्रीटची कौलं बसतील, ती 50 वर्षं टिकतात, म्हणजे अखेरीस स्वस्तच, असं ठेकेदार सांगतोय. पैसे कमी पडतात म्हणून अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायची की वैयक्तिक कर्ज काढायचं?

आधी हे ‘अखेरीस स्वस्त’ तपासू. पत्र्याला 100 लागतात असं धरा, कौलांना 225. वरचे 125 तुम्ही खर्च न करता गुंतवले आणि महागाई वजा जाता त्यावर वर्षाला 3 टक्के जरी सुटले, तरी 20 वर्षांत आजच्या मोलाने त्याचे सुमारे 226 होतात. तेवढ्यात पुढचा पत्रा दोनदा बदलून होतो. तेव्हा कौलं हा बचतीचा मार्ग नव्हे. ती घ्यायची तर सुखासाठी घ्या: पावसाचा ताशा डोक्यावर वाजत नाही, दुपारी घर कमी तापतं, गंजाची चिंता नाही. रोज त्या छपराखाली राहायचंय, मग सुखावर पैसे खर्च करण्यात काहीच गैर नाही, फक्त त्याला गुंतवणूक समजू नका.

शिवाय ते 225 पूर्ण आहेत का, याची मला खरी काळजी आहे. काँक्रीटच्या कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण 45 किलो, पत्र्याचं जेमतेम 5. म्हणजे 100 चौरस मीटर छपरावर 500 किलोंच्या जागी साडेचार टन येणार, आणि कौलं पाणी शोषतात, त्यामुळे भिजल्यावर आणखी भर. पत्र्यासाठी घातलेले वासे आणि कैच्या (छपर तोलून धरणारे त्रिकोणी सांगाडे) एवढं पेलतील असं गृहीत धरू नका. ठेकेदाराच्या शब्दावर न जाता स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळे पैसे देऊन पाहणी करून घ्या. सांगाडा बदलावा लागला तर सगळं गणितच फिरतं.

अंदाजपत्रकात क्षेत्रफळ कोणतं धरलंय तेही बघा. 30 अंशांच्या उताराचं छप्पर खालच्या जमिनीपेक्षा सुमारे 15 टक्के जास्त भरतं. रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या), कोन्याची कौलं, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ, जुना पत्रा उतरवण्याची मजुरी, कौलांखालचा जलरोधक थर, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. त्या थराचं आयुष्य बहुधा कौलांपेक्षा बरंच कमी असतं. तो बदलायचा तर कौलं उतरवून पुन्हा बसवावी लागतात, आणि ती मजुरी ‘50 वर्षां’च्या हिशेबात कोणी धरत नाही. वॉरंटीतही नुसतं कौल येतं की मजुरीसुद्धा, हे लेखी घ्या. रंग उडणं त्यात सहसा नसतं, आणि उन्हापावसात तो फिकट होतोच.

आता पैशांचं. ती ठेव मोडू नका. निवृत्तीच्या तोंडावर दुखणं किंवा नोकरीतला खंड आला तर छप्पर विकता येत नाही. वैयक्तिक कर्जही मला पटत नाही: वर्षाला 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर 100 मागे सुमारे 133 फेडाल, आणि शेवटचे हप्ते निवृत्तीनंतर, पगार थांबल्यावर येतील.

तुमच्या जागी मी गळणाऱ्या दोन जागांचे पत्रे आताच बदलून घेईन, इंजिनिअरची पाहणी उरकेन आणि दरमहा ठरावीक रक्कम छपरासाठी वेगळी टाकेन. सांगाडा भक्कम निघाला, तर दोन-अडीच वर्षांत, पगार चालू असतानाच, कर्जाशिवाय कौलं घालता येतील. सांगाडाच बदलावा लागणार असेल तर मात्र चांगल्या जाडीचा पत्रा आणि त्याखाली उष्णतारोधक थर घ्या. निवृत्तीच्या पैशाला मोठी भोकं पाडून कौलं घालावीत असं मला वाटत नाही.

आणि कौलं घ्याल तेव्हा त्याच खेपेतली शेकडा चार-पाच जादा घेऊन ठेवा. छपरावर चढणाऱ्याच्या पायाखाली ती फुटतात, आणि काही वर्षांनी त्याच घाटाचं कौल मिळेलच असं नाही.