भाचीच्या थुंकीच्या रिपोर्टात स्युडोमोनास हा जंतू आलाय, चार औषधांपुढे ‘आर’ लिहिलंय. तिला सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात चिकट कफ साचणारा जन्मजात आजार) आहे. आता औषधच उरलं नाही का?

तसं नाही. ‘आर’ म्हणजे लॅबमधल्या ताटलीत जंतूने त्या औषधाला दाद दिली नाही. या आजारात ताटलीतला निकाल आणि पोराची तब्येत यांचा मेळ बरेचदा बसत नाही. कफ चिकट असतो, त्यात जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतात. तोंडाने किंवा सलाइनमधून दिलेलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. म्हणून टोब्रामायसिन हे जंतुनाशक औषध नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणाऱ्या यंत्राने, देतात. जंतू पहिल्यांदाच सापडला असेल तर साधारण 28 दिवसांच्या कोर्सने तो बऱ्याचदा हटतो. तेव्हा डॉक्टरांना आधी हेच विचारा: नवा की जुना?

आपल्याकडे खानापूर-निपाणीत मेडिकलमधून तीन गोळ्या आणायच्या, खोकला दबला की बंद करायच्या, ही सवय आहे. या पोरीच्या बाबतीत ती अजिबात नको.

नेब्युलायझरचे सुटे भाग रोज धुऊन 5 मिनिटं उकळा, कोरडे करा. नंतर बोअरच्या पाण्याने विसळलंत तर सगळं मुसळ केरात.

आणि हो, कांदा! बर्कहोल्डेरिया सेपेशिया या, याच आजाराच्या मुलांना धोक्याच्या, चिवट जंतूची ओळख 1950 मध्ये सडक्या कांद्यावरूनच झाली. कोलिस्टिन हे जंतुनाशक औषधही त्याच्यापुढे चालत नाही. शिजवलेला कांदा खुशाल द्या, पण सडलेल्या ढिगाजवळ मी तरी तिला नेणार नाही. ओपीडीत याच आजाराचं दुसरं मूल असेल तर जंतू एकमेकांना लागू नयेत म्हणून दोन मीटर लांब बसा.