ओसाकात आधी रस्सा चाखा

प्रश्न : ताई, मुलगा दोन वर्षांपासून जपानात ओसाकाला नोकरीला आहे. मार्चअखेर मी आणि सौ. बारा दिवसांसाठी जातो आहोत. मुलगा मोठमोठ्या हॉटेलांची नावं सांगतो, पण मला तसलं नको. आपल्याकडे लोक धाब्यावर, टपरीवर खातात, तसं तिथलं साधं खाणं कुठं मिळेल? मी मासे, कोंबडी, मटण खातो. गाय-बैल, डुक्कर नाही. सौ. माळकरी आहे, तिला अंडंही चालत नाही. आणि हो, तिखट मिळतं का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : चोपड्याचे भाऊ, तुम्ही धाब्याचं नाव काढलंत, माझं काम सोपं झालं. धाब्यावर शेवभाजी आली की आपण शेव नंतर बघतो, आधी रस्सा चाखतो. रस्सा बिघडलेला असेल तर वर मूठभर शेव टाकून काय उपयोग? ओसाकाची माणसंही तशीच. त्यांच्या रश्श्याला ‘दाशी’ म्हणतात. कोम्बू नावाची वाळवलेली समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या माशाचा कीस, यांचं ते पाणी. गंमत अशी की कोम्बू ओसाकाचा नाहीच. तो जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या थंड समुद्रातला. जुन्या काळी जहाजं किनाऱ्याकिनाऱ्यानं तो ओसाकाला आणत. तेव्हा देशभरच्या सरदारांचा तांदूळ ओसाकाच्या वखारींत उतरायचा. 1730 साली तिथल्या दोजिमाच्या तांदूळबाजाराला सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढच्या तारखेचे सौदेही तिथं व्हायचे. सगळा माल इथंच येणार म्हटल्यावर या गावाला ‘देशाचं स्वयंपाकघर’ म्हणू लागले.

म्हणून पहिल्या दिवशी दोतोनबोरी भागातले ते नदीकाठचे झगमगते फलक, दुकानावरचा तो हलता खेकडा, सगळं राहू द्या. पहिल्या दिवशी उदोन खा. गव्हाच्या जाड, मऊ शेवया आणि दाशीचा रस्सा. त्यात ‘कित्सुने उदोन’ मागा. वर तळलेल्या तोफूची गोडसर पट्टी असते. कित्सुने म्हणजे कोल्हा. कोल्ह्याला तळलेला तोफू आवडतो अशी तिकडची समजूत. हा प्रकार ओसाकाचाच. मिनामिसेम्बा भागात ‘उसामितेइ मात्सुबाया’ नावाचं 1893 सालचं दुकान आहे, तिथं तो सुरू झाला असं सांगतात. पण तेवढ्यासाठी तिकडे जायलाच हवं असं नाही. स्टेशनात उभ्यानं खायची दुकानं असतात, तिथंही चांगला मिळतो. साधारण चारशे ते सहाशे येन. दारात मशीन असतं: आधी पैसे घाला, मग चित्राचं बटण दाबा, चिठ्ठी आत द्या. आपण भुसावळला गाडी थांबली की फलाटावर उभ्यानं खाणारी माणसं, आपल्याला हे जमतंच. रस्सा दिसायला जवळजवळ पाण्यासारखा असतो. टोकियोचा काळसर, ओसाकाचा फिका. पहिल्या घोटाला वाटेल मसाला विसरले. तिसऱ्या घोटाला बोला.

आता मी केलेली चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. मी धुळ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षं ओसाकात, तेन्मा स्टेशनाच्या मागच्या गल्लीत राहिले. पहिल्याच आठवड्यात एका दुकानात ‘निकु उदोन’ मागवला. निकु म्हणजे मांस एवढंच पुस्तकात शिकले होते. कोंबडी असेल समजून अर्धा वाडगा संपवला. शेजारच्या आजींनी सांगितलं, ओसाकाकडे नुसतं ‘निकु’ म्हटलं की बैल-गाईचंच मांस. डुकराच्या सारणाच्या वाफवलेल्या पावाला बाकी जपान ‘निकुमान’ म्हणतं आणि ओसाका ‘बुतामान’ म्हणतं, ते यामुळेच. तर भाऊ, निकु उदोन नको, निकुसुइ, म्हणजे तोच रस्सा बिनशेवयांचा, तोही नको. आणि करी-भात बघून ‘हे तर आपलं’ असं म्हणून धावू नका, त्यातही बहुधा तेच असतं. बुता म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी, एबी म्हणजे कोळंबी, इका म्हणजे माकूळ, ताको म्हणजे आठ पायांचा तो ऑक्टोपस. एवढे शब्द विमानातच पाठ करा.

ओकोनोमियाकी तुम्हाला आवडेल. पीठ, दाशी, अंडं आणि ढीगभर चिरलेला कोबी, तव्यावर जाड थापलेलं. नेहमीच्यात डुक्कर असतं म्हणून ‘इकातामा’ मागा. टेबलातच तवा असतो, तिथंच उलथन्यानं तुकडे करायचे. धिरडं म्हणून बघितलंत तर निराश व्हाल. कोबीची भाजी पिठानं बांधली आहे असं समजा, मग मजा येईल.

राहायला मुलाकडेच असाल, तेव्हा संध्याकाळी पाय मोकळे करायला तेन्जिनबाशीसुजीला जा. डोक्यावर छप्पर असलेली दुकानांची एकच सरळ गल्ली, 2.6 किलोमीटर लांब, सुमारे सहाशे दुकानं. पाऊस असला तरी चिंता नाही. भाजीवाला, चष्मेवाला, चपलांचं दुकान आणि मधूनमधून खाणं. गावची माणसं तिथं सायकलीवरून बाजारहाट करतात, त्यामुळे भावही गावचेच. मोठी गल्ली सोडून तेन्मा स्टेशनाच्या बाजूला वळलात की आठ-दहा माणसांचीच जागा असलेली दुकानं लागतात. दारावर कापडी पडदा बाहेर लटकत असेल तर दुकान चालू. आत बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी पुढं येईल आणि बिलात तिचे तीनेकशे येन लागतील. ती फसवणूक नव्हे, बसण्याचं भाडं आहे. टीप मात्र ठेवू नका, मागे पळत येऊन परत करतात.

दुसरी संध्याकाळ शिनसेकाईला. 1912 साली वसवलेली वस्ती, मधोमध त्सुतेनकाकु नावाचा मनोरा. (पहिला मनोरा युद्धकाळात गेला, आताचा 1956 चा.) तिथलं खाणं म्हणजे कुशिकात्सु: काडीला टोचून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं काहीही. कांदा, कमळकाकडी, कोळंबी, वांगंसुद्धा. समोर सॉसचं सामायिक भांडं आणि वर पाटी : दोनदा बुडवू नये. सगळे परदेशी या पाटीचा फोटो काढतात. आपल्याला त्यात नवल काय? उष्टं करायचं नाही, एवढंच लिहिलंय. सॉस कमी पडला तर फुकटच्या कोबीच्या पानानं काढून घ्यायचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी बाटलीच ठेवतात. पण तळण पुष्कळदा गाईच्या चरबीत असतं, म्हणून बसण्याआधी मुलाला विचारायला लावा, ‘अबुरा वा नान देस् का?’ तेल कसलं आहे? उत्तर पटलं नाही तर उठा, कुणाला राग येत नाही.

कुरोमोन बाजार बघायला जा, जेवायला नको. भाव पाहुण्यांचे आहेत.

आता वहिनींचं. भाऊ, खरं सांगते, वर लिहिलेलं जवळजवळ सगळं त्यांच्यासाठी बाद. तोफूचा उदोनसुद्धा, कारण रश्श्यात मासा. आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा भाजलेलं वांगं मागवलं. यासाई, म्हणजे भाजी, असं विचारूनच मागवलं. ताटली आली, वर पातळ पापुद्रे गरम वाफेवर वळवळत होते. सासूबाई मागे सरकल्या, ‘हाई काय हाली राह्यनं ओ माय?’ तोच माशाचा कीस. पऱ्हाट्यांवर वांगी भाजणाऱ्या बाईला वांग्यानंच असा दगा द्यावा! तेव्हापासून मी आधी सांगायचे, ‘कात्सुओबुशी नुकी दे’, म्हणजे कीस वगळून. असं सांगून थंड तोफू, भाजलेलं वांगं, उकडलेल्या हिरव्या सोयाशेंगा आणि साधा भात एवढं जमतं. दुकानातल्या भाताच्या मुटक्यांत फक्त मिठाचा घ्या. थंडीच्या शेवटापर्यंत भाजलेलं रताळं मिळतं, ते फार गोड असतं. आणि दाइफुकु: तांदळाच्या मऊ पारीत लाल अझुकी दाण्याचं पुरण. पुरणाच्या मांड्यांवर वाढलेल्या सासूबाईंनी एका बैठकीत चार संपवले. उमेदा स्टेशनालगतच्या मोठ्या दुकानांच्या तळघरात हे सगळं मांडलेलं असतं. रात्री बंद होण्याआधी अर्ध्या किमतीची चिठ्ठी लावतात, मी तेव्हाच जायचे.

एक-दोन वेळा घरी पोळ्या कराच, मुलालाही हव्या असतील. केळी मुबलक मिळतील, पण बहुतेक फिलिपिन्सची. तुम्ही चोपड्याचे, तुम्हाला ती आवडतील असं मी म्हणणार नाही.

तिखट? टेबलावर सात मसाल्यांची डबी असते, शिचिमि. अख्खी ओतली तरी नाक वाहणार नाही. त्सुरुहाशीच्या कोरियन बाजारात किमची झणझणीत मिळते, पण तीत बहुधा मासळी असते, म्हणजे फक्त तुम्हाला. सुकी लसणाची चटणी घरूनच न्या.

प्रश्न : ताकोयाकी, म्हणजे ते ऑक्टोपस घातलेले पिठाचे गोळे, घरच्या आप्पेपात्रात होतील का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : होतील, जरा चपट्या. ओसाकात 1935 साली एका दुकानदारानं पिठाच्या गोळ्यांत आधीच्या मांसाऐवजी ऑक्टोपस घालून ही सुरू केली, आणि आता तिथं घरोघरी खळग्यांचा तवा असतो. एक वाटी मैदा, दोन अंडी, अडीच वाट्या पाणी. ताकासारखं पातळ झालं की घाबरू नका, तसंच हवं. ऑक्टोपसऐवजी कोळंबी किंवा चीजचा तुकडा, कांद्याची पात. तेल सढळ, आणि पीठ खळगे भरून वर सांडेपर्यंत ओता. कडा सुटल्या की दाभणानं पाव फेरा फिरवा, सांडलेलं पीठ आत कोंबा, मग पुन्हा फिरवा. इथंच सगळे घाई करतात. खातानाही करू नका. वरून गार लागलं तरी आत उकळतं असतं, माझी टाळू दोनदा भाजली आहे.