देवाने पूर्वी केलेली सुटका विश्वासणारे पुन्हा पुन्हा का आठवतात?

तुमचा प्रश्न असा आहे की देव आजही जिवंत आहे असं मानता, तर हजारो वर्षांपूर्वीच्या सुटकेची आठवण दर वर्षी, दर आठवड्याला कशाला? आणि तेच तेच करून ते यांत्रिक होत नाही का? मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे बायबल धरूनच सांगते.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 12 वा अध्याय वाचून पाहा. वल्हांडण सण, म्हणजे गुलामीतून सुटकेची आठवण करणारा सण, पिढ्यानपिढ्या पाळा, ही आज्ञा येते तेव्हा इस्राएल लोक अजून मिसरात (इजिप्तमध्ये) गुलामच आहेत. समुद्र दुभंगायचा आहे, तिथल्या राजाने, फारोने, अजून त्यांना सोडलेलं नाही. येशूनेही भाकर मोडून "माझ्या स्मरणार्थ हे करा" म्हटलं ते वधस्तंभावर जाण्याआधी. दोन्ही वेळा सुटका घडायच्या आधीच तिची आठवण ठेवायची सोय झाली. माणूस विसरणार, हे देवाने धरलेलंच होतं. आणि विसर पडलाही. पुढे यार्देन नदी कोरडी पडून इस्राएल लोक पार गेले तेव्हा पात्रातले बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले होते, मुलांनी "हे कशाचे?" असं विचारावं म्हणून. तरी शास्ते या पुस्तकातलं 2:10 हे वचन सांगतं की त्या वेळचा पुढारी यहोशवा याच्या काळचे लोक गेल्यावर परमेश्वराला आणि त्याने केलेल्या कामांना न ओळखणारी पिढी आली. नुसते धोंडे पुरत नाहीत, सांगणारं माणूस लागतं.

पण माझ्या मते खरं कारण आणखी खोल आहे, आणि ते बायबलमधल्या 77 व्या स्तोत्रात दिसतं. ते रचणाऱ्या आसाफाला झोप येत नाही. रात्रभर हात पसरून तो प्रार्थना करतोय आणि कशानेच सांत्वन होत नाही. प्रभू कायमचा टाकून देईल का, देव दया करायला विसरला का, असे प्रश्न तो उघडपणे विचारतो. मग तो ठरवतो, मी परमेश्वराची कृत्यं आठवीन. पुढे समुद्रातली वाट येते, जिथे देवाची पावलं कुणाला दिसली नाहीत, आणि मोशे व अहरोन यांच्या हातून कळपासारखे नेलेले लोक येतात. तिथेच स्तोत्र थांबतं. आसाफाचं संकट टळलं की नाही, याबद्दल एक ओळही नाही! मला हे फार मोलाचं वाटतं. आज देवाचा हात दिसत नसेल तेव्हा पाय टेकायला जागा असावी, म्हणून आपण आठवतो. ही जागा दुःखाच्या रात्री नव्याने तयार करता येत नाही. ती आधीपासून, बरे दिवस असताना, पुन्हा पुन्हा म्हणून तयार झालेली असावी लागते. 136 व्या स्तोत्राच्या 26 च्या 26 ओव्यांत "त्याची दया सनातन आहे" हे येतं, ते उगाच नाही.

शिवाय ही आठवण गौरवगाथा नसते. 106 वं स्तोत्र सुटकेबरोबर सोन्याचं वासरूही सांगतं, कुरकुर सांगतं. विश्वासू देव होता. लोक वारंवार घसरले. आपल्या मंडळीत (चर्चमध्ये) लोक देवाने काय केलं ते सांगतात, त्या साक्षींमध्येही हा भाग गाळला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

राहिला यांत्रिकपणा. हो, तसं होतं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आलाय, कारण तुमचे हात रक्ताने भरलेत. अनाथाचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या. म्हणून आठवण खरी आहे का, हे मी बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायावरून तपासते. तिथे शेतकऱ्याला सांगितलंय की शेतात एखादी पेंढी विसरलास तर ती आणायला मागे फिरू नकोस. ती उपऱ्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी राहू दे. कारणही लगेच दिलंय: तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव.