थर्टी-थर्टी (.30-30) हे रायफलचं काडतूस हरणाच्या शिकारीला खरंच पुरतं का, की नुसतंच नाव?

पुरतं, पण दीडशे यार्डांच्या आत. अमेरिकेतल्या दाट रानात व्हाइटटेल हरीण बहुधा त्याहून जवळच दिसतं, आणि १८९५ पासून या काडतुसाचं नाव झालं ते तिथंच. १५० ग्रेनची (सुमारे पावणेदहा ग्रॅमची) गोळी २४ इंची नळीतून सेकंदाला सुमारे २,३९० फूट वेगाने सुटते. २० इंची कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड रायफलमध्ये, वेग थोडा उतरतो. या वेगाला मऊ टोकाची गोळी छान फुलते, मांसाची फार नासाडी होत नाही आणि खांद्याला धक्काही बेताचा बसतो.

अडचण गोळीच्या आकाराची. लिव्हर रायफलच्या (खालची दांडी ओढून काडतूस भरायच्या रायफलच्या) नळीदार मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात. धातूचं अणकुचीदार टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) टेकलं तर धक्क्याने ते काडतूस आतच उडू शकतं, म्हणून गोळी चपट्या नाकाची. तिला हवा जास्त अडवते. १०० यार्डांवर नेम जुळवला तर २०० वर ती जवळपास ८ इंच खाली जाते. त्याऐवजी १०० वर अडीच इंच वर लागेल असं जुळवा. २०० वर घट ३ इंचांच्या आसपास राहते. ऊर्जा मात्र तिथवर निम्म्याहून कमी झालेली असते, ती जुळवणीने परत येत नाही. हॉर्नडीच्या लेव्हरेव्होल्यूशनसारखी मऊ पॉलिमर टोकाची काडतुसं नळीदार मॅगझिनमध्ये चालतात आणि पल्ला थोडा वाढवतात.

राज्याचा नियम आधी बघा: ओहायोत हरणासाठी रायफलमध्ये सरळ भिंतीचीच (बुडापासून तोंडापर्यंत सरळ कवचाची) काडतुसं चालतात, आणि थर्टी-थर्टीचं कवच तोंडाशी बाटलीच्या मानेसारखं निमुळतं आहे, म्हणून ते तिथं चालत नाही.